छातीवरचा कॅमेरा आणि रस्त्यावरची सावली

गेल्या हिवाळ्यातील एका सकाळी माझ्या तपासणीच्या खोलीत एक वयोवृद्ध रुग्ण आले. त्यांच्या छातीवर काळ्या पट्ट्यांमध्ये अडकवलेली काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक पेटी होती आणि तिच्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता. माझा पहिला समज असा झाला, की हृदयविकारतज्ज्ञांनी चोवीस तासांची हृदयनोंद घेण्याचे यंत्र त्यांना लावून दिले असावे. मी काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, "डॉक्टर, जरा समोर बघ. तू आत्ता हिला घरी टीव्हीवर दिसतो आहेस."

हे गृहस्थ शाळेत मला भूगोल शिकवीत असत, म्हणून हा एकेरी संबोधनाचा अधिकार त्यांचा आहे. आज त्यांचे वय शहात्तर. मी मात्र त्या दिवशी त्यांच्यावर रागावलो. बाहेर बाकावर आठ-दहा रुग्ण बसलेले होते, कोणाचा रक्ताचा अहवाल मेजावर उघडा पडला होता, आणि हे सर्व कोणाच्या तरी घरातील पडद्यावर जात होते. "सर, हा दिवा आधी बंद करा," असे मी बजावले. त्यांनी तो निमूटपणे बंद केला. शिक्षकाला रागावल्यानंतर विद्यार्थ्याला जी अपराधी रुखरुख लागते, ती मला पुढे दिवसभर लागून राहिली. पण दवाखान्यात कॅमेरा चालू ठेवू न देण्याचा माझा निर्णय आजही तोच आहे आणि वाचकांनाही माझे हेच सांगणे राहील. दवाखाना, रुग्णालय, बँक आणि दुसऱ्याचे घर या चार ठिकाणी उंबऱ्याबाहेरच कॅमेरा बंद झाला पाहिजे.

आता या कॅमेऱ्यामागची हकीकत. (सरांच्या व काकूंच्या अनुमतीने लिहितो आहे, ओळखीचे काही तपशील बदलले आहेत.) काकूंना गेली वीस वर्षे संधिवात आहे. चार वर्षांपूर्वी त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, त्या वॉकर धरून घरातल्या घरात फिरू लागल्या, परंतु घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. वाकड्या झालेल्या बोटांनी कठडा धरून चोपन्न पायऱ्या उतरणे त्यांना शक्य नव्हते. चार वर्षांत त्या खाली उतरल्या त्या केवळ रुग्णालयात नेण्यापुरत्या, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून. ज्या साताऱ्यात जन्म गेला त्या साताऱ्याचा रस्ता त्यांना खिडकीतून जेवढा दिसे तेवढाच उरला होता.

2023च्या दिवाळीत पुण्याहून नातू आला. तो दुचाकीवरून भटकंती करणारा, त्यामुळे त्याच्याजवळ असला ॲक्शन कॅमेरा होता. नवा घेतल्यावर जुना त्याने आजोबांच्या छातीवर बांधला आणि आजीला म्हणाला, "आता आजोबा फिरायला जातील आणि तू बघायचंस." तेव्हापासून सर रोज पावणेसातला निघत, चार भिंतींच्या दिशेने जाऊन पाऊण-एक तासाने परत येत आणि काकू पलंगावर उशीला टेकून टीव्हीवर ती सगळी फेरी पाहत. सर चालता चालता बोलत. जन्मभराची सवय. समोर अजिंक्यतारा दिसला की त्याच्या कड्यातील बसाल्टचे थर, डावीकडे यवतेश्वराचा डोंगर, पलीकडे कासचे पठार, आणि मग एकदम, "ही बघ, मेथी आली. जुडी घेऊ का?" काकूंनी फोनवरून होकार दिला तर जुडी घेतली जाई.

एक मौज अशी, की सर इमारतीच्या दाराशी पोचून जिना चढू लागत तेव्हा टीव्हीवरचे सर अजून कोपऱ्यावरील वाण्याच्या दुकानासमोरच असत. यात गूढ काही नाही. असा छोटा कॅमेरा स्वतः चित्र दूरवर पाठवीत नाही. तो वाय-फायने खिशातील मोबाइलशी जोडला जातो, मोबाइल आपल्या इंटरनेटवरून ते चित्र प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या संगणकाकडे धाडतो, तिथे त्याचे तुकडे होऊन साठवण होते आणि मग ते पाहणाऱ्याकडे येते. या वळणावळणाच्या प्रवासात दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. म्हणजे 'थेट' हा शब्द सौजन्याने वापरलेला आहे. हे अर्धे मिनिट लक्षात ठेवावे, त्याचे महत्त्व पुढे येईल.

अंगावर कॅमेरा बांधून फिरण्याची ही कल्पना तशी तरुणांची. समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरत जाण्याचा छंद असलेल्या निक वुडमन या अमेरिकी माणसाने 2004 मध्ये मनगटावर बांधायचा 'गोप्रो' कॅमेरा बाजारात आणला. त्यात तेव्हा साधी 35 मिलिमीटरची फिल्म असे. 2007 मध्ये जस्टिन कान या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोत टोपीला कॅमेरा आणि पाठपिशवीत संगणक बाळगून आपले दिवसरात्रीचे जगणे सर्व जगाला दाखवण्याचा उद्योग केला. मला मात्र अधिक जवळचा वाटतो तो केंब्रिजचा प्रयोग. तेथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात गळ्यात घालायचा 'सेन्सकॅम' नावाचा एक कॅमेरा तयार झाला होता. तो आपोआप थोड्या थोड्या वेळाने छायाचित्र टिपत असे. ॲडनब्रुक्स रुग्णालयातील डॉक्टरांनी तो मेंदूच्या आजाराने स्मृती गमावलेल्या रुग्णांना दिला. दिवसभराची चित्रे पुन्हा पुन्हा पाहिल्याने त्या रुग्णांना झालेल्या घटना आठवण्यास मदत होते, असे त्यांना आढळले. अंगावरचा कॅमेरा हा म्हातारपणाच्या उपयोगी पडू शकतो, हे त्यामुळे मला ऐकून ठाऊक होते. पण ऐकून ठाऊक असणे आणि पटणे यांत अंतर असते. माझ्या मते सरांचा कॅमेरा हा नातवाचा खेळ होता.

फेब्रुवारीत, एका सोमवारी, काकू नेहमीप्रमाणे पाहत होत्या. सर काहीतरी सांगत होते, एक वाक्य अर्धवट राहिले, चित्र एकदम कलले, गटाराची कड दिसली, मग आकाश, आणि चित्र गोठले. पडद्याच्या मध्यभागी ते गोल गोल फिरणारे चिन्ह येऊन बसले. काकूंनी सरांना फोन लावला, तो लागेना. शेजारच्यांना लावला, ते आंघोळीला गेलेले. मला लावला, माझा फोन दुसऱ्या खोलीत. चौदा मिनिटे त्या उशीला टेकून त्या फिरणाऱ्या चिन्हाकडे पाहत बसल्या होत्या. चौदा मिनिटांनी किल्ली फिरली आणि सर आत आले. रस्त्यावरच्या दूधवाल्याने त्यांना केव्हाच उठवले होते, मनगट मुरगळले होते, मोबाइल खिशातून उडून बंद पडला होता, एवढेच. परंतु त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा सरांचा रक्तदाब ठीक होता आणि काकूंचा 190 वर 100 होता.

शुश्रूषा करणाऱ्या आणि दूरदेशी राहणाऱ्या मुलांनी हा प्रसंग नीट ध्यानात घ्यावा. कॅमेरा पडणाऱ्याला सावरत नाही. जे चित्र आपण पाहतो ते घडून गेलेले असते आणि ज्या क्षणी खरी गरज पडते नेमका त्याच क्षणी ते तुटण्याचा संभव सर्वांत अधिक, कारण पडताना फोनही पडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची कन्या परदेशात आहे. तिकडच्या मध्यरात्री उठून ती आईची सकाळची फेरी पाहते. आईची प्रकृती उत्तम आहे आणि मुलीला निद्रानाशाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. हात पोचत नाहीत तिथे नजर पोचली म्हणजे काळजी कमी होते असे नाही, पुष्कळदा वाढते. म्हणून असे प्रक्षेपण सुरू करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवावे: चित्र तुटले तर कोणाला फोन करायचा? दोन नावे तरी हवीत, आणि ती चालत पाच मिनिटांत त्या रस्त्यावर पोचू शकणाऱ्यांची. त्याखाली 112 आणि रुग्णवाहिकेचा 108. सरांच्या घरी आता तो कागद आहे. पहिले नाव दूधवाल्याचे आहे.

पण मी सांगत होतो त्या दिवसाविषयी. मनगटाला पट्टी बांधून मी निघणार, तोच काकू म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. तुम्हांला काही दाखवायचं आहे. मी महिनाभर बघते आहे, पण यांना सांगितलं तर हसतात."

प्रत्येक फेरीची चित्रफीत आपोआप साठवली जात होती. काकूंनी दोन-तीनदा चुकीचे बटण दाबून एक फीत लावली. परतीच्या वाटेवर एक सरळ तुकडा आहे. तिथे सकाळचा सूर्य पाठीमागून, थोडा तिरका येतो आणि चालणाऱ्याची लांबलचक सावली पुढे रस्त्यावर पडते. छातीवरच्या कॅमेऱ्यात चालणारा माणूस स्वतः कधीच दिसत नाही, पण त्याची सावली दिसते. "हात बघा," काकू म्हणाल्या. सावलीचा उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे जात होता. डावा हात कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटलेला, जणू त्या बाजूला काखेत कोणी छत्री धरली आहे.

मी म्हटले, "काकू, तो खांद्यामुळे. सरांचा डावा खांदा आखडला आहे, आपण त्यावर उपचार करतोच आहोत." हे मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो. सरांना मधुमेह आहे, आणि मधुमेहात खांदा आखडणे, ज्याला आपण सारे फ्रोजन शोल्डर म्हणतो, ही नित्याची गोष्ट आहे. आठ महिने मी त्यांना शेक, व्यायाम आणि वेदनाशामक गोळ्या देत होतो.

काकूंनी मान हलवली. "खांदा कधी दुखायला लागला? मागच्या जूनमध्ये. ही फीत त्याच्या आधीच्या डिसेंबरातली आहे."

तीस वर्षांच्या व्यवसायात इतका गप्प मी क्वचितच झालो असेन. खांदा दुखत होता म्हणून हात हलत नव्हता असे मी मानले होते. प्रत्यक्षात हात सहा महिने आधीपासून हलत नव्हता, आणि न हलणाऱ्या हाताचा खांदा पुढे आखडला होता.

मग आम्ही त्या खोलीत बसून दीड वर्षाच्या फिती मागे-पुढे पाहिल्या. दत्तमंदिर ते पाण्याची टाकी हा सपाट रस्ता नातवाने फोनवरील नकाशात मोजला, तो दोनशे मीटर भरला. 2023च्या नोव्हेंबरात सर तो दोन मिनिटे पन्नास सेकंदांत चालत होते. या फेब्रुवारीत त्याच रस्त्याला तीन मिनिटे पंचावन्न सेकंद लागत होते. चालण्याचा वेग हा वृद्धांच्या प्रकृतीचा इतका बोलका निदर्शक आहे की काही तज्ज्ञ त्याला नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान यांच्या पंक्तीला बसवतात. सेकंदाला 0.8 मीटरच्या खाली तो गेला की आम्ही सावध होतो. सर 1.2 मीटरच्या आसपास होते, ते 0.85 वर आले होते. समोरासमोर पाहताना हे कळले नसते. दवाखान्यात रुग्ण दारापासून खुर्चीपर्यंत चार पावले चालतो आणि डॉक्टरसमोर तो नेहमीपेक्षा चांगलेच चालतो.

आणि आवाज! 2023 मधले सर यवतेश्वराचे वर्णन वर्गात करावे तसे खणखणीत करीत होते. अलीकडच्या फितींत काकू टीव्हीचा आवाज वाढवीत होत्या, आणि टीव्ही जुना झाला असे समजत होत्या.

येथे एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे, कारण तिने मला चकित केले. या कॅमेऱ्यांत चित्र स्थिर करणारी योजना असते. चालणाऱ्याला बसणारे हिसके, डुलणे, अडखळणे हे सर्व ती पुसून टाकते आणि चित्र पाण्यावरून होडी जावी तसे गुळगुळीत दिसते. प्रेक्षकाला त्यामुळे भोवळ येत नाही, हे खरे. पण पाहा, वडिलांचा तोल जातो आहे का हे पाहण्यासाठी मुलाने कॅमेरा बांधावा, आणि कॅमेऱ्याने नेमका तोल जाणेच चित्रातून काढून टाकावे! चित्र स्थिर दिसते म्हणून माणूस स्थिर आहे असे समजू नये. सावलीच्या बाबतीत मात्र ती योजना हतबल ठरली. हात हलत नव्हता, तो ती हलवू शकली नाही.

सरांना मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी सर्वप्रथम घरातील गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या मागवल्या. हे मी मुद्दाम सांगतो. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेली सिनारिझिन, उलटी-मळमळीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, आम्लपित्ताच्या गोळीत मिसळलेली लेव्होसल्पिराइड, यांमुळेही वृद्धांत कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात, आणि औषध थांबवल्यावर ती बहुधा काही महिन्यांत ओसरतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली जुनी गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवणे किती महागात पडते, हे मी पाहतो आहे. आपल्या घरच्या ज्येष्ठांच्या डब्यात अशी नावे आहेत का ते आजच पाहा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा. सरांच्या पट्ट्यांत यांपैकी काही नव्हते. निदान झाले ते कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे.

"पण माझा हात कुठे कापतो?" हा सरांचा पहिला प्रश्न होता, आणि हाच प्रश्न मीही मनाशी विचारून स्वतःची समजूत घालत आलो होतो. आजाराच्या नावातच कंप आहे, त्यामुळे हात थरथरला नाही तर आपण निश्चिंत राहतो. परंतु अनेकांत सुरुवात थरथरीने होत नाही. एका बाजूचा हात चालताना हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, आवाज खाली येतो, वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, एक खांदा विनाकारण आखडतो. यांतील प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर 'वय झालं' या दोन शब्दांत ती झाकली जाते.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो तो जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागातला, आमच्यासारखाच गल्लीतला डॉक्टर होता. 1817 साली त्याने जो छोटा निबंध लिहिला त्यात सहाच माणसांची वर्णने आहेत. त्यांपैकी दोघे त्याला रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्याने केवळ लांबून पाहिले होते. हा आजार प्रथम रस्त्यावर, चालत्या माणसांत ओळखला गेला. माझ्या बाबतीत तो पुन्हा रस्त्यावरच सापडला, फक्त पाहणारी व्यक्ती तिसऱ्या मजल्यावर पलंगावर होती.

सरांना लेव्होडोपा सुरू झाली. ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घेतलेली बरी, कारण डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात. मळमळ झाल्यास सोबत बिस्किट खावे, पण दुधाचा पेला नव्हे. या आजारात आणि त्याच्या औषधांनी उभे राहताच रक्तदाब घसरण्याचा संभव असतो. म्हणून आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी तो मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवावे. सरांची जुनी रक्तदाबाची गोळी आम्हांला निम्मी करावी लागली.

कॅमेऱ्याचे काय, हा प्रश्न उरला. नातू म्हणाला, बंद करू. सर म्हणाले, बंद करा. मी, ज्याने प्रथम तो दिवा बंद करायला लावला होता, तोच म्हणालो की चालू राहू दे, पण काही अटींवर. त्या अटी येथे देतो, ज्यांच्या घरी असे काही चालू आहे त्यांना उपयोगी पडतील.

सर्वांत मोठी अट बोलण्याची. स्वीडनमधील संशोधकांनी 1997 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. चालता चालता कोणी बोलायला सुरुवात केली की काही वृद्ध थांबतात, मग उत्तर देतात. असे थांबणारे वृद्ध पुढील काळात पडण्याचे प्रमाण अधिक होते. तारुण्यात चालणे आपोआप होते, वय वाढले, आजार जडला की त्यालाही मेंदूचे लक्ष द्यावे लागते, आणि लक्ष एकच असते. सर त्या सोमवारी एका वाक्याच्या मध्यावर पडले होते, हे आठवा. आता नियम असा आहे, की सांगायचे असेल तर थांबायचे, शक्यतो भिंतीला किंवा झाडाला हात लावून, सांगून झाले की चालायचे. काकूंनीही चालताना फोन करायचा नाही. मेथीचा निर्णय सरांनी स्वतः घ्यायचा. (दोनदा पालक आला. चालले.)

फोन हातात धरायचा नाही आणि चालताना त्याच्या पडद्याकडे पाहायचे नाही. ज्यांच्या चष्म्याच्या खालच्या अर्ध्या भागात वाचनाचा नंबर आहे त्यांना त्या भागातून पायरीची कड धूसर दिसते. वरून फोन पाहण्याची भर पडली तर पाय चुकणारच. बाहेर चालण्यासाठी केवळ लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा असला तर उत्तम. काठीला कॅमेरा लावून ती पुढे धरण्याची तरुणांची पद्धत ज्येष्ठांनी अजिबात अनुसरू नये. ज्या वयात हाताला आधाराची काठी हवी त्या वयात तिथे दुसरी काठी नको.

छातीवरचा पट्टा दोन बोटे सहज आत जातील इतका सैल असावा. दमा असणाऱ्यांनी आणि बायपास झालेल्यांनी तो छातीऐवजी पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावर लावावा. एक इशारा फार महत्त्वाचा. काही छोटे कॅमेरे सदऱ्याच्या आत लोहचुंबकाचे पदक घालून बाहेरून चिकटवले जातात. पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे यंत्र बसवलेल्या व्यक्तींनी असे चुंबक छातीवर घालू नये. चुंबक जवळ आले की त्या यंत्राचे कार्य बदलते, ते त्यासाठीच तसे बनवलेले असते. मोबाइलही वरच्या खिशात नको. निदान 15 सेंटीमीटर अंतर राखावे.

कोण पाहते आहे, हेही पाहावे. सरांच्या फितींवर एकदा एका अनोळखी नावाने 'आजोबा रोज इथूनच जातात' अशी ओळ उमटली होती. तपासले तेव्हा कळले, की नातवाने घाईत प्रक्षेपण सर्वांसाठी खुले ठेवले होते. म्हणजे रोज पावणेसात ते पावणेआठ तिसऱ्या मजल्यावर एक चालता न येणारी वृद्ध स्त्री एकटी असते, ही बातमी दीड वर्ष जगजाहीर होती. दुव्याशिवाय न दिसणारे प्रक्षेपण बरे, पण दुवा पुढे कोणीही धाडू शकतो. निवडक खात्यांनाच दिसणारे प्रक्षेपण त्याहून बरे. आणि निव्वळ बोलायचे असेल, घर दाखवायचे असेल, तर साधा व्हिडिओ कॉल पुरतो. त्याला विलंबही कमी. खर्चाचे गणित असे: चांगल्या प्रतीच्या चित्राला सेकंदाला चार मेगाबिटचा वेग धरला तर तासाला सुमारे 1.8 जीबी डेटा जातो. प्रत निम्म्यावर आणली तर खर्चही निम्मा, आणि मेथीची जुडी तेवढ्यातही ओळखू येते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी मला अनेकजण विचारतात, की त्यांच्या अंगावर असा कॅमेरा लावावा का. माझे उत्तर सहसा नकारार्थी आहे. हरवण्याची भीती असेल तर ठिकाण कळवणारे साधे उपकरण आणि सोबत माणूस हवा. ज्याला आपण पाहिले जात आहोत हे उमगत नाही, त्याचे सारे जगणे, शौचालयासकट, कोणाच्या तरी पडद्यावर जाऊ देणे मला रुचत नाही. सरांचे प्रकरण वेगळे होते. तिथे ज्याच्यावर कॅमेरा होता तो आपखुशीने दाखवीत होता आणि पाहणारीला ते पाहणे हवे होते.

पडल्यानंतर काय करावे, तेही थोडक्यात. घाईने ओढून उभे करू नये. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, किंवा त्यावर भार टाकता येत नसेल, तर खुबा मोडला असे धरून 108 ला कळवावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला असेल, तर ती कितीही ठणठणीत दिसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंनी आता एक वही घातली आहे. वाकड्या बोटांत जाड पेन धरून त्या रोज तीन गोष्टी लिहितात: गोळीची वेळ, दत्तमंदिर ते टाकी लागलेला वेळ आणि हात. शेवटच्या रकान्यात 'हलला', 'थोडा हलला' किंवा 'नाही' एवढेच. ती वही मेंदूविकारतज्ज्ञांनी मागच्या भेटीत पंधरा मिनिटे वाचली आणि दुपारच्या गोळीची वेळ तिच्या आधारे बदलली. सोमवारचा आकडा तीन मिनिटे वीस सेकंद आहे. त्यापुढे लिहिले आहे: 'थोडा हलला. आभाळ होते, सावली नीट दिसली नाही.'